हायब्रीड गाडीचे ॲव्हरेज एका आकड्यात सांगू नका : रस्ते वाहतूक मंत्रालय आणि एआरएआय यांना खुले पत्र

प्रति,
मा. सचिव, रस्ते वाहतूक व महामार्ग मंत्रालय, भारत सरकार, नवी दिल्ली
मा. संचालक, ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया, पुणे

विषय : हायब्रीड मोटारींच्या इंधनक्षमतेचे शहर, महामार्ग आणि एसीसह असे स्वतंत्र आकडे जाहीर करणे बंधनकारक करण्याबाबत.

महोदय,

हायब्रीड, म्हणजे पेट्रोल इंजिन आणि विजेची मोटर दोन्ही असलेली मोटार विकत घेणाऱ्याला आपल्या देशात इंधनक्षमतेचा एकच प्रमाणित आकडा दाखवला जातो. तो खोटा नसतो, हे मी सुरुवातीलाच मान्य करतो. ठरलेल्या नियमांनुसार, ठरलेल्या यंत्रावर, जाणकार माणसांनी तो मोजलेला असतो. माझे म्हणणे एवढेच आहे, की साध्या पेट्रोल गाडीच्या बाबतीत जो एक आकडा कसाबसा निभावून नेतो, तो हायब्रीडच्या बाबतीत निभावत नाही. ही गाडी कुठे, किती वेगाने आणि कोणत्या हवेत चालते यावर तिची बचत अवलंबून असते, आणि मराठवाड्यात ती जशी चालते तशी आपल्या चाचणीत जवळजवळ चालवलीच जात नाही. म्हणून शहर, मोकळा महामार्ग आणि एसी चालू असताना, असे तीन आकडे वेगवेगळे छापण्याची सक्ती करावी, अशी मागणी मी या पत्राद्वारे करीत आहे.

मी परभणीत वकिली करतो. उच्च न्यायालयाचे खंडपीठ छत्रपती संभाजीनगरला असल्यामुळे जालन्यावरून तिकडे जाणे-येणे ठरलेले आहे, आणि नातेसंबंधांमुळे बीड-तुळजापूरकडेही गाडी बरीच फिरते. गाडी कोणत्या कंपनीची हे सांगत नाही, कारण माझी तक्रार कंपनीविषयी नाही आणि गाडीविषयी तर मुळीच नाही. गाडी उत्तम आहे. मात्र ती घेताना ज्या आकड्यावर हिशेब मांडावा लागतो, तो आकडा आमच्या रस्त्यांवरचा नव्हे, हे इथल्या प्रत्येक हायब्रीडधारकाला पहिल्या उन्हाळ्यातच कळून चुकते.

आमच्या आठ जिल्ह्यांत अंतरे लांब आणि शहरे लहान. हृदयविकाराचा रुग्ण हिंगोलीहून नांदेडला किंवा संभाजीनगरला न्यायचा असतो, मुलाला शिकवणीसाठी लातूरला सोडायचे असते, लग्नकार्याला धाराशिवहून जालना गाठायचे असते. संभाजीनगरचा जालना रोड सोडला, तर सिग्नलला थांबत-थांबत तासभर गाडी चालवावी लागेल असे रस्ते आमच्याकडे मोजकेच आहेत. नांदेड-लातूरला गर्दी असते, पण दहा-पंधरा मिनिटांत शहर मागे पडते. त्यानंतर गाडी सोलापूर-धुळे महामार्गावर किंवा समृद्धीवर लागते आणि तासन्‌तास एका वेगाने धावत राहते. मराठवाड्यातल्या माणसाचे किलोमीटर मुख्यतः असेच पडतात.

आता आपल्या चाचणीकडे पाहू. मॉडिफाइड इंडियन ड्रायव्हिंग सायकल या नावाने ओळखले जाणारे आपले चाचणी-चक्र जुन्या युरोपीय चक्रावर बेतलेले आहे. त्यात १९५ सेकंदांचा शहरी भाग चार वेळा आणि ४०० सेकंदांचा शहराबाहेरचा भाग एकदा, असा एकूण ११८० सेकंदांचा, म्हणजे वीस मिनिटांहूनही किंचित कमी वेळाचा आणि साडेदहा किलोमीटरच्या आसपास अंतराचा प्रवास प्रयोगशाळेतल्या रोलर्सवर घडवला जातो. त्यातला दोन-तृतीयांश वेळ शहरी भागाचा. त्या शहरी भागात गाडी ५० किलोमीटरच्या वर जात नाही आणि सुमारे ३० टक्के वेळ नुसती उभी असते. शहराबाहेरच्या भागातही कमाल वेग ९० किलोमीटर, आणि तोही थोडाच वेळ. एसी बंद, खोलीचे तापमान २० ते ३० अंशांच्या दरम्यान.

हायब्रीडला यापेक्षा अनुकूल प्रवास शोधून सापडणार नाही. ही गाडी उभी राहिली की इंजिन बंद होते, हळू चालताना पुष्कळदा मोटरवरच चालते, आणि ब्रेक दाबला की एरवी उष्णता होऊन वाया जाणाऱ्या ऊर्जेतली काही बॅटरीत परत घेते. तिची बॅटरी शेततळ्यासारखी आहे : वाहून जाणारे पाणी ती अडवते, पण पाऊस पाडत नाही. मध्यम आकाराच्या काही स्ट्राँग हायब्रीड, म्हणजे थोडे अंतर केवळ विजेवरही चालू शकणाऱ्या गाड्यांत ही बॅटरी पाऊण युनिटाच्या आसपास असते, म्हणजे पूर्ण भरलेली असली तरी जेमतेम पाव लिटर पेट्रोलचे काम करील एवढी. जी ऊर्जा बॅटरीत येते ती शेवटी पेट्रोलमधूनच येते, आणि वारंवार थांबणे-निघणे असेल तेव्हाच परत मिळवण्यासारखे काही असते. गेवराईच्या पुढे चौपदरी रस्त्यावर शंभरच्या वेगाने गाडी लावली, की डॅशबोर्डवरच्या ऊर्जेच्या चित्रात इंजिनाकडून चाकांकडे जाणारा बाण जवळजवळ अखंड दिसत राहतो. चाकांकडून बॅटरीकडे येणारा बाण एखादा ट्रॅक्टर आडवा आला किंवा टोलनाका दिसला तरच उमटतो. घाट उतरतानाही बॅटरी लवकर भरते आणि उरलेला उतार इंजिनाच्या व ब्रेकच्या भरवशावर काढावा लागतो.

महामार्गावर हायब्रीडला काहीच फायदा नसतो, असे मात्र नाही. या गाड्यांची इंजिने सहसा ॲटकिन्सन पद्धतीची, म्हणजे ताकद थोडी कमी पण इंधनाचा वापर अधिक काटकसरीने करणारी असतात, आणि मोटर सोबतीला असल्यामुळे इंजिन सोयीच्या टप्प्यात चालवता येते. फायदा उरतो, पण आटतो. किती आटतो हे ग्राहकाला खरेदीपूर्वी कळले पाहिजे, आणि सध्या ते कळण्याचा मार्ग नाही.

वेगाचा मुद्दा तर फारच ठळक आहे. हवेचा अवरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. समृद्धी महामार्गावर मोटारींना ताशी १२० किलोमीटरची मुभा आहे. चाचणीतला कमाल वेग ९०. या दोन वेगांमध्ये दर किलोमीटरला हवा कापण्यासाठी लागणारी ऊर्जा पावणेदोन पटींहून अधिक होते. सरकारनेच बांधलेल्या महामार्गावर, सरकारनेच परवानगी दिलेल्या वेगात चालणाऱ्या नागरिकाला सरकारी पद्धतीने मोजलेला आकडा कोणत्याही परिस्थितीत मिळू शकत नाही, ही विसंगती आपल्या नजरेला आणून देणे मला आवश्यक वाटते.

याहून अधिक गांभीर्याने मला एसीविषयी लिहायचे आहे, कारण तो विषय ‘एसी लावला की ॲव्हरेज पडते’ एवढ्या वाक्यात संपवला जातो आणि हायब्रीडवर त्याचा जो वेगळा परिणाम होतो तो झाकला जातो. परभणी, नांदेड, बीड या भागांत मे महिन्यात पारा ४२-४३ अंशांवर जाणे नवलाचे नाही. हिशेब सोपा ठेवण्यासाठी असे धरू, की एसीला तासाला एक युनिट वीज लागते. एक लिटर पेट्रोलमध्ये साधारण नऊ युनिटांची ऊर्जा असते आणि इंजिन तिच्या एक-तृतीयांशाच्या आसपास कामाला लावते. म्हणजे एसीसाठी तासाला एक-तृतीयांश लिटर पेट्रोल जाते. महामार्गावर त्या तासात ८० किलोमीटर अंतर कापले जाते. गाडी एसीविना लिटरला २० देत असेल, तर एसीसह साडेअठराच्या आसपास देईल. शहराच्या गर्दीत मात्र त्याच तासात २० किलोमीटरच कापले जातात. तिथे एसीविना २५ देणारी हायब्रीड एसीसह १८ च्या खाली घसरते. म्हणजे ज्या शहरी वाहतुकीत हायब्रीडची खरी कमाई, तिथेच उन्हाळा तिचा सर्वांत मोठा वाटा काढून घेतो. दुपारी दोन वाजता संभाजीनगरच्या क्रांती चौकात सिग्नलला उभे असताना, गाडी जागची हललेली नसूनही, केवळ एसीपायी उतरलेली बॅटरी भरण्यासाठी इंजिन आपोआप सुरू झालेले ऐकले, की ‘सिग्नलला इंजिन बंद’ हा विक्रेत्याचा आवडता मुद्दा मे महिन्यात किती पातळ होतो, ते समजते.

हा केवळ माझा तर्क नाही. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने २००८ च्या मॉडेलपासून आपली पद्धत बदलली आणि आधीच्या दोन चाचण्यांच्या जोडीला जास्त वेगाची व जोरकस चालवण्याची, सुमारे ३५ अंश तापमानात एसी लावून घेण्याची आणि कडाक्याच्या थंडीची, अशा तीन चाचण्या घेतल्या. त्या बदलाने एकाच गाडीचे काय झाले, ते पाहावे. २००४ च्या टोयोटा प्रियसचा आकडा जुन्या पद्धतीने शहरात गॅलनला ६० मैल आणि महामार्गावर ५१ मैल होता. नव्या पद्धतीने तो अनुक्रमे ४८ आणि ४५ झाला. गाडी तीच, इंजिन तेच. शहराचा आकडा २० टक्के घटला, महामार्गाचा सुमारे १२ टक्के. हायब्रीडचा शहरी आकडा जास्त घसरतो, हे यात स्पष्ट दिसते. अमेरिकेतल्या ग्राहकाला काचेवर चिकटवलेल्या कागदावर शहर, महामार्ग आणि एकत्रित असे तिन्ही आकडे वाचायला मिळतात.

आपल्याकडे ग्रँड व्हिटारा आणि हायरायडर यांच्या स्ट्राँग हायब्रीडचा प्रमाणित आकडा लिटरला २७.९७ किलोमीटर आहे, इनोव्हा हायक्रॉसचा २३.२४. दशांशानंतर दोन अंकांपर्यंत सांगितलेल्या या आकड्यांत एक तऱ्हेचा अधिकार असतो. पण तो साडेदहा किलोमीटरच्या त्या प्रवासाचा अधिकार आहे. नांदेड-संभाजीनगर प्रवासाबाबत तो दहाच्या घरातलाही अंक खात्रीने सांगू शकत नाही.

यात पैशाचा प्रश्न कसा येतो, तेही मांडतो. परभणीत पेट्रोल राज्यात सर्वांत महाग असल्याच्या बातम्या आम्ही वर्षानुवर्षे वाचत आलो आहोत. मनमाडजवळच्या पानेवाडीहून टँकर येतो आणि त्या वाहतुकीचा भार आमच्या दरात पडतो. अशा ठिकाणी माणूस हायब्रीडकडे वळला तर ते साहजिकच आहे. समजा, हायब्रीडसाठी त्याने त्याच गाडीच्या पेट्रोल प्रकारापेक्षा २ लाख रुपये जास्त मोजले, महिन्याला १,००० किलोमीटर गाडी चालवली आणि पेट्रोल १०५ रुपये लिटर धरले. कागदावर २८ विरुद्ध २० असा फरक असेल, तर महिन्याला सव्वाचौदा लिटर, म्हणजे सुमारे १,५०० रुपये वाचतात आणि जादा पैसे वसूल व्हायला ११ वर्षे लागतात. हेच किलोमीटर महामार्गावर पडले आणि फरक १९ विरुद्ध १६ एवढाच राहिला, तर बचत दहा लिटरच्या आत येते आणि वसुलीला १६ वर्षे लागतात, तर खासगी मोटारीची नोंदणी मुळात १५ वर्षांची असते. ज्याचे किलोमीटर याच्या तिप्पट आहेत, त्याचे गणित वेगळे लागेल आणि कदाचित फायद्याचे ठरेल. ते गणित त्याला मांडता यावे, एवढीच अपेक्षा आहे.

विक्री दालनात हा प्रश्न विचारला, तर ‘साहेब, ते तुमच्या पायावर आहे’ असे ठरावीक उत्तर मिळते. पायावर काही प्रमाणात आहेच. टायरमधली हवा, डिकीतले ओझे, ब्रेक शेवटच्या क्षणी दाबण्याची सवय, या सगळ्यांचा परिणाम होतो. पण ४३ अंशांचे ऊन आणि २०० किलोमीटरचा सलग रस्ता चालकाच्या पायाखाली येत नाही. टाकी ऑटो-कटपर्यंत भरून, किलोमीटर शून्यावर आणून, पुढच्या वेळी शक्यतो त्याच पंपावर पुन्हा ऑटो-कटपर्यंत भरून जो हिशेब निघतो, तो आमच्याकडचे चोखंदळ चालक वर्षानुवर्षे काढत आले आहेत. ही पद्धत ओबडधोबड असली, तरी चार-सहा टाक्यांच्या सरासरीत ती डॅशबोर्डवरच्या आकड्यापेक्षा अधिक विश्वासार्ह ठरते, असे माझे मत आहे.

पेट्रोलचा मुद्दा थोडक्यात. पंपावरच्या पेट्रोलमध्ये मिसळल्या जाणाऱ्या इथेनॉलमध्ये लिटरमागे शुद्ध पेट्रोलच्या तुलनेत सुमारे एक-तृतीयांश ऊर्जा कमी असते, त्यामुळे २० टक्के मिश्रणाच्या एका लिटरमध्ये ऊर्जा ६-७ टक्क्यांनी कमी भरते. मराठवाड्यातल्या ऊस उत्पादकाला इथेनॉलचा आधार आहे आणि मी त्या धोरणाच्या विरोधात नाही. चाचणीत कोणते इंधन वापरले, एवढे आकड्याखाली छापावे.

तसेच ‘हायब्रीड’ हा एकच शिक्का दोन फार वेगळ्या यंत्रणांवर मारला जातो, त्याचाही विचार व्हावा. माइल्ड हायब्रीडमध्ये लहानशी मोटर इंजिनाला हातभार लावते, पण केवळ विजेवर गाडी चालवत नाही. खेड्यापाड्यांतून आलेला ग्राहक दोन्ही एकच समजून बसतो आणि त्याचा गैरसमज दूर करण्याची घाई कोणालाच नसते.

युरोपने या बाबतीत एक पाऊल पुढे टाकले आहे. २०२१ पासून तिथे नोंदवल्या जाणाऱ्या नव्या मोटारींत एकूण खर्ची पडलेले इंधन आणि चाललेले अंतर साठवणारी व्यवस्था सक्तीची आहे. त्या आकडेवारीवरून युरोपीय आयोगाने २०२४ मध्ये जाहीर केले, की पेट्रोल-डिझेल गाड्यांचा प्रत्यक्ष इंधनखर्च प्रमाणित आकड्यापेक्षा सुमारे २० टक्के जास्त आहे, आणि घरी चार्ज करता येणाऱ्या प्लग-इन हायब्रीडचा तर सरासरी साडेतीन पट. तिथली डब्ल्यूएलटीपी चाचणी आपल्यापेक्षा कडक आहे : ३० मिनिटांची, २३ किलोमीटरची, ताशी १३१ किलोमीटरपर्यंत जाणारी. एवढे करूनही तफावत उरली, आणि ती मोजली गेल्यामुळेच दिसली. आपल्याकडे तशी व्यवस्था नव्या मोटारींत असली आणि सर्व्हिसिंगच्या वेळी मालकाचे नाव न घेता आकडे गोळा केले, तर जिल्हावार खरे चित्र उभे राहील. परभणीचा मे आणि महाबळेश्वरचा मे यांत काय फरक पडतो, ते कोणालाही सांगता येईल.

हे सरकारच्याही हिताचे आहे. कंपन्यांच्या सर्व गाड्यांची मिळून सरासरी इंधनक्षमता ठरवणाऱ्या कॅफे नियमांत २०२२-२३ पासून सुरू झालेल्या टप्प्यात एक स्ट्राँग हायब्रीड दोन गाड्यांएवढी धरली जाते. म्हणजे प्रयोगशाळेत दिसलेली बचत तिथे दुप्पट वजनाने मोजली जाते. ती बचत प्रत्यक्ष रस्त्यावर किती उतरते, हे आयात तेलाचा हिशेब ठेवणाऱ्या देशाने तपासलेच पाहिजे.

माझ्या मागणीतला पहिला भाग तर जवळजवळ बिनखर्चाचा आहे. चाचणी-चक्राचे शहरी आणि शहराबाहेरचा, असे दोन भाग मुळातच वेगळे आहेत. त्यांचे आकडे एकत्र करून एक न छापता वेगवेगळे छापावेत. मागणीच्या दुसऱ्या भागासाठी ताशी १०० किलोमीटरच्या स्थिर वेगाची एक जादा चाचणी लागेल. तिसऱ्या भागासाठी एसी चालू ठेवून चाचणी घ्यावी लागेल, आणि ती २५ अंशांच्या खोलीत घेऊन चालणार नाही. तापमान किमान ४० अंश असावे आणि ते शहरी भागासाठी घेतलेच जावे, कारण नेमका फरक तिथे पडतो. हे सर्व आकडे लिटरला किलोमीटर यासोबतच १०० किलोमीटरला लिटर या रूपातही द्यावेत, म्हणजे १६ वरून १९ आणि २० वरून २८ यांतली बचत शेजारी-शेजारी ठेवून पाहता येईल. आकडे वाढले की ग्राहक गोंधळेल, असा आक्षेप घेतला जाईल, याची मला कल्पना आहे. सात-बारा, फेरफार आणि पीकविम्याचे कागद वाचणारा आमचा शेतकरी तीन आकड्यांनी गोंधळणार नाही, याची हमी मी देतो.

जुलै २०२४ मध्ये टोयोटा किर्लोस्कर मोटर आणि महाराष्ट्र शासन यांच्यात छत्रपती संभाजीनगर येथील प्रकल्पासाठी सामंजस्य करार झाला. विद्युत आणि हायब्रीड मोटारींसाठी सुमारे २०,००० कोटी रुपयांची गुंतवणूक त्यात नमूद आहे आणि बिडकीनच्या औद्योगिक क्षेत्रात त्याची जागा आहे. तिथे तयार झालेली गाडी फाटकाबाहेर पडली की पैठण रस्त्याला लागेल आणि तासाभरात सोलापूर-धुळे महामार्गावर असेल. त्या गाडीच्या काचेवर महामार्गाचा आणि एसीचा आकडा छापलेला असावा, यासाठी प्रकल्प सुरू होईपर्यंतचा अवधी आपल्या हातात आहे. या पत्रातील मागण्यांपैकी कोणती मान्य आहे, कोणती नाही आणि का नाही, हे मंत्रालयाने जाहीरपणे कळवावे, ही विनंती.

आपला विश्वासू,
एक वकील व हायब्रीड वाहनधारक, परभणी